ऊन पाण्याचे घर: इझूच्या किनाऱ्यावर दोन रात्री

रात्रीचे जेवण सहा वाजता असते, ही गोष्ट खोली ठरवताना आमच्या मुलीला फोनवर तीनदा सांगण्यात आली आणि आम्ही पुण्यातून निघण्यापूर्वीच तिने ती आम्हाला त्याहून अधिक वेळा ऐकवली. सहा म्हणजे सहा, सव्वासहा नव्हे. दुपारी तीनच्या आधी येऊ नये आणि पाचनंतरही येऊ नये, निघण्याच्या दिवशी सकाळी दहापर्यंत खोली सोडावी, न्हाणीघर रात्री दहाला बंद होईल आणि पहाटे पाचला उघडेल, पैसे रोख द्यावेत. हॉटेलात उतरण्याची सवय असलेल्या माणसाला ही यादी ऐकून आपण पाहुणे म्हणून चाललो आहोत की वसतिगृहात दाखल होत आहोत, अशी शंका यावी. मला स्वतःला ती आली होती. दोन रात्री राहून आल्यावर मात्र माझे मत असे झाले आहे की त्या घरात जे काही चांगले आहे ते या वेळापत्रकावाचून उभेच राहू शकले नसते, आणि ज्याला हे वेळापत्रक जाचक वाटेल त्याने तेथे न जाणेच दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे.

हे घर जपानच्या शिझुओका प्रांतात, इझू द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, इनातोरी नावाच्या मासेमारीच्या गावात आहे. त्याला घर म्हणण्याचे कारण असे की तळमजल्याच्या मागील भागात मालकांचे कुटुंब स्वतः राहते. ऐंशी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा, सून म्हणजे मालकीणबाई, आणि स्वयंपाकघर सांभाळणारा नातू, अशी ती चार माणसे. पाहुण्यांसाठी एकंदर सहा खोल्या आहेत. जपानमध्ये अशा निवासांचे ढोबळमानाने दोन प्रकार मानतात. र्‍योकान ही रीतसर पाहुणचाराची जागा. तेथे बहुधा आपण जेवून परत येईपर्यंत अंथरुणे घातलेली असतात आणि दरही त्याच मानाने चढे असतात. मिन्शुकु म्हणजे आपल्या भाषेत राहण्या-जेवणाची घरगुती सोय. अंथरूण आपले आपण घालायचे आणि टॉवेलही कित्येकदा आपलाच न्यायचा. आमचे घर या दोहोंच्या मधले होते, म्हणजे टॉवेल त्यांनी दिले आणि अंथरुणे आम्ही घातली. गुहागरला किंवा दिवेआगरला सुपारीच्या वाडीत कोणाच्या घरी उतरले की सकाळीच ‘रात्री किती पाने?’ असा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर वेळेवर दिले नाही तर रात्री पंचाईत होते, हा ज्यांचा अनुभव आहे त्यांना सहाच्या जेवणाचे मर्म वेगळे सांगायला नको. तेथेही मासा सकाळी बंदरावर माणसे मोजून घेतलेला असतो. निवासाचे नाव मी येथे देत नाही, कारण खोल्या मोजक्या असून सर्व बोलणे जपानीतून आणि फोनवरच होते, तेव्हा नाव कोठे छापू नये, अशी मालकीणबाईंनी निघताना विनंती केली होती.

आम्ही चौघे गेलो होतो: मी, माझे यजमान, शहात्तर वर्षांच्या सासूबाई आणि योकोहामात नोकरी करणारी मुलगी. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या इतकी मोठी आहे की बहुतेकांच्या नात्यागोत्यात एखादे तरी दुभाषे माणूस निघते, आणि अशा घरी उतरायचे तर ते बरोबर असणे फार सोयीचे ठरते. योकोहामाहून ‘ओदोरिको’ या जलदगाडीने सुमारे दोन तासांत इनातोरी येते. इतो या स्थानकाच्या पुढे रेल्वेमार्ग एका खासगी कंपनीचा आहे, त्यामुळे परदेशी प्रवाशांना मिळणारा जपानभरचा रेल्वे पास तेथून पुढे चालत नाही आणि उरलेल्या अंतराचे पैसे वेगळे भरावे लागतात. जाताना डाव्या हाताच्या खिडक्या धराव्यात. समुद्र त्या बाजूला आहे. अतागावाच्या आसपास गाडीतूनच ऊन पाण्याच्या विहिरींवरील मनोऱ्यांच्या तोंडातून निघणारे वाफेचे लोट दिसू लागतात आणि आपण कसल्या जमिनीवर चाललो आहोत, याची कल्पना येते.

स्थानकापासून घर चालत बारा मिनिटांवर आहे, पण ती बारा मिनिटे उताराची आहेत, आणि परतताना तोच चढ असतो. ‘समुद्रकाठचे’ या शब्दाने जे चित्र मनात उभे राहते त्यात थोडी काटछाट करावी लागेल. आमच्या खोलीतून समुद्र दिसत होता खरा, पण तो विजेच्या तारा आणि एका मासळीच्या गोदामाचे पत्रे यांच्या मधून. खिडकीशी डाव्या कोपऱ्यात उभे राहिले तर समोर ओशिमा बेट दिसे. या बेटावरचा ज्वालामुखी १९८६ साली उसळला तेव्हा तेथील सर्व रहिवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले होते. आमच्या खोलीच्या दाराशेजारी त्सुनामी आली तर कोणत्या वाटेने टेकडीवर जायचे त्याचा नकाशा लावलेला होता आणि त्याखाली खिळ्याला एक विजेरी टांगलेली होती. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी ती काढून, पेटवून पाहिली.

दारातून आत शिरताच एक खोलगट चौक लागतो. तेथे पायताणे काढायची, पायरी चढून वर यायचे आणि घरातल्या सपाता घालायच्या. खोलीतल्या तातामी चटयांवर सपाताही चालत नाहीत. शौचालयाच्या दारात आणखी वेगळ्या सपाता असतात आणि त्या त्याच दारात ठेवून यायच्या असतात. माझ्या यजमानांना हे तिहेरी प्रकरण दुसऱ्या दिवशीपर्यंत नीट साधले नाही, आणि पहिल्याच रात्री ते शौचालयाच्या सपाता घालून थेट जेवणघरात आले. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त दुसरा जोड आणून पायांशी ठेवला आणि पहिला दोन बोटांनी उचलून नेला. सासूबाईंना मात्र ही व्यवस्था एकदा सांगताच कळली, कारण सोवळ्या-ओवळ्याच्या घरात त्या वाढलेल्या आहेत आणि कोणती वस्तू कोणत्या उंबऱ्याच्या आत येत नाही, हा विचार त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे.

खोली दहा चटयांची होती. तेथे खोल्या चटयांच्या संख्येने मोजतात. सामान असे काही नाही: एक बुटके मेज, चार उशा, भिंतीतल्या कपाटात रचून ठेवलेल्या गाद्या व दुलया, आणि चहाचे साहित्य. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी येथे सावध व्हावे. जमिनीवर बसणे-उठणे टाळता येत नाही, जिना उभा आहे आणि लिफ्ट नाही. मुलीने हे आधी कळवले होते, म्हणून सासूबाईंसाठी एकावर एक दोन गाद्या आणि पाठ असलेली एक बुटकी खुर्ची खोलीत आधीच आणून ठेवलेली होती. फोनवर सांगितलेली गोष्ट कोणीतरी कागदावर उतरवून घेतली होती, याचा हा पहिला पुरावा.

आता पाण्याविषयी. इझू द्वीपकल्प हा मुळात समुद्रातल्या ज्वालामुखींचा पुंजका आहे. फिलिपीन समुद्राच्या भूपट्टाबरोबर तो उत्तरेकडे सरकत आला आणि जपानच्या मुख्य बेटाला येऊन भिडला. २०१८ साली युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला. आपणही ज्वालामुखीच्याच खडकावर राहतो, पण दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा असून केव्हाच थंड झाला आहे. राजापूरजवळचे उन्हाळे किंवा वज्रेश्वरी येथील कुंडांचे पाणी तापते ते भेगांतून खोल उतरल्यावर. इझूची ऊब त्या मानाने ताजी आहे. जपानमध्ये कोणत्या पाण्याला ओन्सेन, म्हणजे नैसर्गिक ऊन झरा, म्हणावे, हे १९४८ च्या कायद्याने ठरवून दिले आहे: उगमाशी तापमान किमान २५ अंश सेल्सिअस असावे, किंवा नेमून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा तरी ठरावीक प्रमाणात असावा. कपडे बदलण्याच्या जागी त्या पाण्याच्या पृथक्करणाचा दाखला चौकटीत लावलेला असतो. आमच्या मुलीने तो वाचून दाखवला. पाणी क्षारयुक्त, म्हणजे ढोबळ भाषेत खारे, आणि गंधकाचा वास अजिबात नाही. ज्यांच्या पायात चांदीची जोडवी आहेत त्यांच्यासाठी ही माहिती बिनमहत्त्वाची नाही, कारण गंधकाच्या झऱ्यात चांदी काळी पडते. येथे तसे काही झाले नाही, पण खबरदारी म्हणून मी जोडवी रुमालात बांधून ठेवली होती.

न्हाणीघरे तीन आहेत. आतली दोन, एक बायकांचे आणि एक पुरुषांचे, आणि मागच्या अंगणात दगड रचून केलेले एक उघड्यावरचे कुंड, जे एका वेळी एकाच कुटुंबाला चाळीस मिनिटांसाठी मिळते. दारावर लाकडी पाटी उलटी करून टांगली की ते कुंड आपले. स्नानाची रीत आपल्या अभ्यंगस्नानाची आठवण करून देणारी आहे, इतकेच की तेथे तेल आणि उटणे नसते आणि घंगाळात आपण स्वतःच बसतो. आधी भिंतीलगतच्या बुटक्या स्टुलावर बसून, साबण लावून, अंग अगदी स्वच्छ धुवायचे. साबणाचा लवलेशही राहता कामा नये. मग कुंडात उतरायचे, आणि तेथे काही म्हणजे काही करायचे नाही. कुंडाचे पाणी धुण्यासाठी नसून बसण्यासाठी आहे, हे एकदा डोक्यात बसले की बाकीचे सगळे नियम आपोआप उलगडतात. लहान टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, तो घडी करून डोक्यावर ठेवायचा. केस पाण्याला लागू द्यायचे नाहीत.

अंगावर वस्त्र ठेवून आत जाता येत नाही, आणि ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या बहुतेक बायकांना हीच खरी अडचण वाटेल, मला वाटली होती. मोठ्या हॉटेलांच्या सामाईक न्हाणीघरात तीस-चाळीस अनोळखी बायकांमध्ये मी गेले असते असे मला वाटत नाही. सहा खोल्यांच्या घराचा येथे मोठा फायदा होतो. त्या रात्री आमच्याखेरीज दोनच कुटुंबे उतरली होती, आणि मी व मुलगी नऊ वाजता खाली गेलो तेव्हा बायकांच्या बाजूला दुसरे कोणीही नव्हते. पाणी ४२ अंश होते. हा आकडा वाचताना मोठा वाटत नाही, पण बंबाचे पाणी विसण घालून घेणाऱ्या आपल्या अंगाला तो चांगलाच जाणवतो. पहिल्या पायरीवर पोटऱ्या चुरचुरल्या, आणि गळ्यापर्यंत बसेतो मी दोनदा वर आले. तिसऱ्यांदा बसल्यावर मात्र उठावेसे वाटेना. दहा मिनिटांहून अधिक एका दमात बसू नये आणि जेवल्यावर लगेच उतरू नये, असे मालकीणबाईंनी बजावले होते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे. अंगावर क्षारांचा पातळ थर राहतो आणि त्याने घाम लवकर उडत नाही, म्हणून या पाण्याची ऊब बराच वेळ टिकते, असे सांगतात, आणि फेब्रुवारीच्या अखेरच्या त्या थंडीत कापडी झग्यावर जाड बंडी चढवून खोलीत परतल्यानंतर तासभर माझे तळपाय गरम होते, एवढे मी अनुभवाने सांगू शकते.

सासूबाईंनी पहिल्या दिवशी फक्त अंगणातले कुंड वापरले, तेही दाराला आतून कडी घालून. तेथे थंड पाण्याचा नळ आहे आणि विसण घालण्याची मुभा आहे, त्यामुळे त्या खूश होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा त्यांचे अंथरूण रिकामे होते. घाबरून खाली गेले. बायकांच्या न्हाणीघरात दिवा होता. आत सासूबाई गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर टॉवेलची चौकोनी घडी, आणि घरच्या आजी पायघोळ झगा खोचून लाकडी बादल्या घासत होत्या. दोघी मोठमोठ्याने बोलत होत्या, एक मराठीत आणि एक जपानीत, आणि दोघींचा विषय एकच असावा, कारण आजींनी घासणी ठेवून स्वतःच्या गुडघ्यावर दोन थापट्या मारल्या आणि सासूबाईंनी पाण्यातून हात वर काढून तीन बोटे दाखवली. तीन वर्षे की तीन डॉक्टर, ते मी विचारले नाही. मला पाहून सासूबाई म्हणाल्या, “दार लावून घे, वारा येतो आहे.”

जेवणाकडे वळते, कारण पुण्याहून जाणाऱ्यांचे निम्मे प्रश्न त्याविषयीच असतात. सासूबाई माळकरी आहेत. मासे-मटण तर नाहीच, अंडेही नाही. आम्ही बाकीचे तिघे मासे खातो. जपानी स्वयंपाकात शाकाहाराची खरी अडचण समोर दिसणाऱ्या माशाची नसते, तर न दिसणाऱ्या ‘दाशी’ची असते. ट्यूना कुळातील कात्सुओ हा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत सुकवतात; त्याचे किस आणि कोम्बू हे समुद्री शेवाळ यांच्या निवळीला दाशी म्हणतात, आणि कळणापासून भाजीपर्यंत बहुतेक पदार्थांत ती असते. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ असे सांगितले तर पुष्कळदा मांस वगळले जाते आणि दाशी तशीच राहते. मुलीने म्हणून शब्द बदलून सांगितले होते: मासा नको, माशाचे पाणी नको, अंडे नको, कोम्बूचे पाणी चालेल. हे दहा दिवस आधी सांगितले होते आणि आदल्या दिवशी पुन्हा सांगितले होते.

सहाला पाच मिनिटे असताना आम्ही खाली गेलो. आमच्या तिघांसमोर इनातोरीची ख्याती ज्या माशावर आहे तो किन्मेदाई आला. लालभडक अंगाचा, मोठ्या सोनेरी डोळ्यांचा हा मासा खोल समुद्रात राहतो आणि सोया सॉस, साखर, साके ही तांदळाची दारू आणि मिरिन ही स्वयंपाकातली गोड दारू यांच्या दाटसर रसात अख्खा शिजवून वाढतात. गोडसर मासा म्हटल्यावर माझी भिवई थोडी वर गेली होती. पण मांस इतके मऊ आणि तेलकट होते, आणि गोडव्यामागे सोयाचा खारटपणा असा काही येई, की सुरमई-पापलेटाच्या पलीकडे न पाहणाऱ्या माझ्या यजमानांनी काट्यांसकट डोके साफ केले. कच्च्या माशाच्या तबकाबरोबर वासाबीचा हिरवा कंद आणि एक बारीक किसणी आली. ज्याने त्याने आपल्यापुरता किसून घ्यायचा. इझूच्या डोंगरातील वाहत्या झऱ्यांत हा कंद पिकवतात. नळीतून येणारी हिरवी चटणी आणि हा ताजा कीस यांचा संबंध नावापुरताच आहे: याचा झणका नाकात जातो पण लगेच ओसरतो, आणि मागे एक गोडसर हिरवी चव राहते.

सासूबाईंचे ताट वेगळे होते आणि ते उरलेल्या पदार्थांवर भागवलेले नव्हते, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. आले घातलेला थंड तोफू, कोम्बूच्या पाण्यात शिजलेला मुळा, तिळाचे कूट लावलेल्या शेंगा, भात, लोणचे आणि भोपळा, रताळे व कमळकाकडीची तेंपुरा भजी. भज्यांशी मात्र घोटाळा झाला. तेंपुराच्या पिठात अंडे घालण्याची पद्धत आहे, आणि मुलीने सहज विचारले तेव्हा ते घातलेले निघाले. मालकीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी ताट उचलून नेले आणि दहा-बारा मिनिटांत नुसत्या मैद्याची आणि थंड पाण्याची भजी करून आणली, बरोबर सॉसऐवजी मीठ. हे कौतुकास्पदच आहे, पण विचारले नसते तर कळले नसते, हेही तितकेच खरे. दुसऱ्या सकाळी पालकाच्या भाजीवर त्याच कात्सुओचे किस भुरभुरवलेले होते; सवयीने पडले असणार. सासूबाईंनी वाटी मुकाट्याने बाजूला सारली आणि भात-लोणच्यावर भागवले. ज्यांचा नेम अगदी कडक आहे त्यांनी अशा घरी दोन दिवस राहताना प्रत्येक वाटीविषयी विचारावे लागेल, ही तयारी ठेवावी, आणि तेवढा त्रास नको असेल तर या प्रकारच्या निवासाचा मोह टाळावा.

दुसऱ्या संध्याकाळी पालकाची भरपाई म्हणून की काय, आजी स्वतः एक लाकडी पेटी घेऊन जेवणघरात आल्या. पेटी वीतभर लांब, चौकोनी, एका तोंडाशी तारांची जाळी आणि दुसऱ्या तोंडातून आत जाणारा दांडा. त्यांनी खरवसासारखी थरथरणारी एक पांढुरकी लांब वडी पेटीत सरकवली, दांडा दाबला आणि जाळीतून वाडग्यात पारदर्शक शेवया पडल्या. सासूबाई उभ्या राहिल्या. “अगं, हा तर सोऱ्या!” पदार्थाचे नाव तोकोरोतेन. या किनाऱ्यावर तेंगुसा नावाचे लाल शेवाळ निघते. ते धुऊन, उन्हात पुनःपुन्हा वाळवून पांढरे करतात, उकळतात आणि गाळलेले पाणी गोठू देतात. आपल्याकडे चायना ग्रास म्हणून मिळते ती याच वस्तूची वाळवलेली बहीण. खरे तर हा उन्हाळ्यातला पदार्थ, पण मासा नसलेले आणि गावचे म्हणून आजींना तो सुचला असावा. त्यावर व्हिनेगर आणि सोया घालून देतात. सासूबाईंनी वास घेऊन वाडगा खाली ठेवला आणि साखर मागितली. स्वयंपाकघरात हशा पिकला. जपानच्या पश्चिम भागात तो काकवीसारख्या काळ्या पाकाबरोबरच खातात, असे मुलीला सांगण्यात आले, आणि साखर आली.

रात्रीविषयी फार चांगले लिहिता येणार नाही. घर लाकडी आहे, खोल्यांमधल्या भिंती पातळ आहेत आणि शेजारच्या गृहस्थांचे घोरणे आम्ही दोन्ही रात्री ऐकले. खोलीत तापक होता, पण ओसरीत आणि जिन्यावर नव्हता, आणि शौचालय ओसरीच्या टोकाला होते. तेथील आसन मात्र विजेवर ऊबदार ठेवलेले होते, हा या देशाचा खास तोल. पहाटे अंधारातच बंदरातून होड्या निघतात आणि त्यांची इंजिने ऐकू येतात. संध्याकाळी पाच वाजता गावभरच्या कर्ण्यांवरून एक धून वाजते. कारखान्याच्या भोंग्याची सवय असलेल्यांना तिचे काही वाटणार नाही, पण शांततेसाठी दुरून आलेल्यांना ती दचकवते.

मधला दिवस भटकण्यात गेला आणि त्याविषयी थोडक्यात सांगते. तीन मार्चला जपानमध्ये मुलींसाठी बाहुल्यांचा सण असतो. ज्या घरांना महागड्या बाहुल्या परवडत नसत, त्या घरांतल्या बायका इनातोरीत कापडाच्या चिंध्यांतून लहान लहान आकृती शिवून दोऱ्यांना ओवीत आणि टांगून ठेवीत, आणि ती रीत आजही आहे. गावात ठिकठिकाणी अशा माळा लटकत होत्या. आमच्या घराच्या दारातही आजींच्या हातची एक होती, त्यात पीच फळ, माकड आणि त्रिकोणी पुडी या तीन वस्तू पुन्हा पुन्हा येत होत्या. चैत्रगौरीच्या आराशीत घरातली जुनी खेळणी मांडतात तसा काहीसा भाव तिच्यात होता. जवळच्या कावाझू गावी लवकर फुलणारी गडद गुलाबी चेरी नदीकाठी बहरलेली होती. गर्दी मात्र तुळशीबागेतल्या दिवाळीची होती, आणि तीनच्या सुमारास आम्ही परतून कुंडात बसलो ते योग्यच केले.

दर माणशी, दर रात्री, दोन वेळच्या जेवणासह १४,३०० येन होता, आणि त्यावर स्नानाचा कर म्हणून माणशी रोज १५० येन. चौघांचे दोन रात्रींचे १,१५,६०० येन झाले, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ६६ हजार रुपये. ही रक्कम लहान नाही. नुसत्या खोलीचे इतके पैसे मी दिले नसते. पण त्यात त्या माशाची, त्या वासाबीची आणि दिवसातून तीनदा उतरता येणाऱ्या कुंडाची किंमत धरली तर मला ती वाजवी वाटते. बक्षिसी द्यायची नसते. आम्ही संक्रांतीच्या उरलेल्या तिळाच्या वड्या नेल्या होत्या. तीळ त्यांच्या ओळखीचा, गूळ नवा, आणि निघताना आमच्या हाती मिकान संत्र्यांची एक पिशवी आली. जाणाऱ्यांनी एका रात्रीसाठी जाऊ नये, कारण पहिला दिवस सपाता आणि वेळा समजून घेण्यातच जातो. परदेशी पाहुण्यांच्या पारपत्राची प्रत घेतात, तेव्हा ते हाताशी असावे. रोख रक्कम गावात शोधत बसण्यापेक्षा योकोहामातच काढून ठेवावी. आणि वृद्ध माणूस बरोबर असेल तर खालच्या मजल्यावरची, न्हाणीघराला लागून असलेली खोली मागावी. ती एकच आहे आणि तिच्यातून समुद्र दिसत नाही, पण जिना टळतो. आम्हाला हे तिसऱ्या दिवशी, निघताना कळले.

पुण्यात परतल्यावर पंधरा दिवसांनी सासूबाईंनी मंडईतून चायना ग्रास आणवले, रात्री उकळून थाळीत ओतले आणि सकाळी शेवेच्या चकतीच्या सोऱ्यात भरून दाबले. शेवया आल्या नाहीत, लगदा आला. चकती बदलून मोठ्या भोकांची घेतली तरी तुकडेच पडले. आमच्या सोऱ्याची भोके गोल आहेत आणि आजींच्या पेटीला चौकोनी जाळी होती, असे यजमानांचे निदान आहे. सासूबाईंच्या मते पाणी जास्त झाले. प्रमाण विचारायचे राहून गेले आहे, आणि पुढच्या रविवारी मुलीने त्या घरी फोन करावा, सहाच्या जेवणाची वेळ टाळून, असे त्यांनी तिला कळवले आहे.